शिल्लक जागेचा पास

परिशिष्टरावांना विमानाबद्दल सगळं माहीत होतं. विमानात बसणं तेवढं राहून गेलं होतं.

सरकारी विमान कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं काढली, ती सगळी एका टेबलाशी आणि एका पुस्तिकेपायी. ‘प्रवाशांना माहीत असावे असे’ हे त्या पुस्तिकेचं नाव. चौसष्ट पानं, अठ्ठावीस नियम, प्रत्येक नियमाच्या पोटात पोटनियम आणि शेवटी परिशिष्टं. सामान किती न्यावं, कुत्रं न्यायचं तर कोणाला विचारावं, बसलेल्या माणसाहून उंच वाद्य असेल तर त्याला वेगळी सीट देऊन पट्टा कसा बांधावा, सगळं त्यात होतं. दर वर्षी हे ती पुस्तिका नव्याने तपासायचे, स्वल्पविराम हलवायचे आणि छापायला द्यायचे. ती प्रत्येक सीटसमोरच्या खिशात असायची आणि आजतागायत एकाही प्रवाशाने वाचली नाही. पोरंटोरं तिची पानं फाडून कागदी विमानं करायची, तेवढाच तिचा उपयोग. हपिसात कोणी नुसतं ‘चहाला येता का’ म्हटलं तरी यांचं उत्तर यायचं, “परिशिष्ट तीन पाहा.” असा माणूस म्हटल्यावर लोक गप्प बसतात होय? परिशिष्टराव हे नाव पडलं आणि जन्माचं चिकटलं. त्यांच्या बायकोला सगळं हपीस वहिनी म्हणायचं, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

कंपनी आपल्या माणसांना पास द्यायची. निवृत्तीनंतरही तो चालू राहायचा. नवरा-बायको आणि लेकरांना फुकट विमानप्रवास! ऐकायला कसं छान वाटतं. पण अट अशी की जागा शिल्लक राहिली तर. तिकीटवाले सगळे बसले, दार लावायची वेळ आली आणि तरी एखादी सीट रिकामी दिसली, तर पासवाल्याने बसावं. नाहीतर पिशवी उचलावी आणि आल्या वाटेने घरी जावं.

वहिनी आल्या वाटेने तीनदा घरी गेल्या होत्या. पहिल्यांदा मावसबहिणीच्या लग्नाला निघाल्या, तर ऐनवेळी एका कुटुंबातली अकरा माणसं तिकिटं घेऊन उगवली. दुसऱ्यांदा फुटबॉलचा एक संघ आला, चोवीस धटिंगण, एकेकाला दीड सीट लागेल असा. तिसऱ्यांदा तर कहर झाला. जागा होत्या, पण विमानात कोंबडीच्या पिल्लांचे खोके चढवायचे होते आणि वजन जास्त व्हायला लागलं. वजन जास्त झालं की आधी कोण उतरणार? पासवाले. नियम सतरा, पोटनियम ब, आणि तो लिहिला होता घरच्याच माणसाने.

“कोंबडीची पिल्लं उडाली, मी नाही,” वहिनी तेव्हापासून आल्यागेल्याला सांगायच्या. हसत सांगायच्या, पण सांगून झाल्यावर चहा टाकायच्या निमित्ताने आत जायच्या.

त्यातल्या दोन वेळा त्यांची लेकही सोबत होती. चौथीत असताना एकदा आणि सातवीत असताना एकदा, डोळे पुसत, आईचं बोट धरून परत आलेली. पुढे ती पोरगी हट्टाने पायलट झाली. का झालीस, असं कोणी विचारलं की म्हणायची, “पायलटला सीट शिल्लक राहायची वाट बघावी लागत नाही.”

आणि एके दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. उद्या साडेअकराचं विमान. सहवैमानिक म्हणून तिचं पहिलं.

“आपण जायचं,” वहिनी म्हणाल्या. “आणि तिकीट काढून जायचं. माणसांसारखं.”

“बावीस जागा रिकाम्या आहेत!” परिशिष्टरावांनी हपिसात फोन करून आधीच विचारून घेतलं होतं. “बावीस! एवढ्या जागा असताना तिकीट काढायचं म्हणजे दारात विहीर असून शेजारी पाणी मागायला जाण्यासारखं आहे.”

“तुमच्या त्या विहिरीत एकतीस वर्षं वाकून बघतेय. घोटभर मिळालं नाही अजून.”

“अगं, पास म्हणजे नुसता कागद नाही. माझ्या नोकरीचा मान आहे तो.”

वहिनींनी पुढे वाद घातला नाही. वाद घालून हा माणूस बदलला असता, तर तो पंचवीस वर्षांपूर्वीच बदलला असता. त्यांनी डबा भरला, नव्या चपला काढल्या आणि पिशवी चौथ्यांदा भरली.

साडेअकराच्या विमानासाठी ही दोघं आठ वाजता विमानतळावर हजर. विमानतळ आटोपशीर होता, एकच लांबलचक हॉल. या टोकाला गेट आणि गेटपाशी काउंटर, त्या टोकाला चौकशीची खिडकी आणि मध्ये निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा. परिशिष्टरावांनी कोट घातला होता आणि गळ्यात कंपनीचा जुना टाय, छोट्या छोट्या विमानांच्या नक्षीचा. पासवाल्याने नीटनेटकं यावं, नियम एकवीस. वशिला लावू नये, तिकीटवाल्यांसमोर पासाचा उल्लेख करू नये, जागा मागू नये, मिळाल्यास आभार मानावेत. हे सगळं त्यांनी वहिनींना टॅक्सीतच ऐकवून टाकलं.

काउंटरवर केसांत पेन खोचलेली एक मुलगी होती. नोकरीला लागून तिला चार महिने झाले होते. तिने पास पाहिले, यादीच्या तळाशी दोन नावं लिहिली आणि म्हणाली, “काका, बावीस जागा आहेत. आज काही काळजी नाही.”

“बघ,” परिशिष्टराव वहिनींना म्हणाले.

“दार लागल्यावर बघते,” वहिनी म्हणाल्या.

सव्वादहाला त्यांची लेक हॉलमधून आली. अंगावर गणवेश, डोक्यावर टोपी, मागे चाकांची बॅग आणि शेजारी मोठ्या मिशांचे कॅप्टन. वहिनी उठून हात हलवणार, तोच परिशिष्टरावांनी त्यांचं मनगट पकडलं.

“हात करू नकोस. ड्यूटीवर आहे ती.”

“माझी पोर आहे ती!”

“दोन्ही आहे. खाली बस.”

पण लेकच वळून त्यांच्याकडे आली. “आई, बाबा, झालं का नाव लिहून?”

“बावीस जागा आहेत,” परिशिष्टराव म्हणाले. एवढ्या जागा जणू त्यांनीच रिकाम्या ठेवल्या होत्या.

वहिनींना मात्र दुसरंच पडलं होतं. “झोपलीस का नीट? खाल्लंस का काही? स्वेटर घेतलास? वर गार असेल गं.” कॅप्टन मिशीतल्या मिशीत हसू दाबून छताकडे बघत उभे राहिले. छतावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

“घेतलाय, आई.” मग लेक आवाज खाली आणून म्हणाली, “तू असशील ना गं? खरंच असशील ना? दार लागायच्या आधी माझ्याकडे यादी येते. मी शेवटची नावं बघेन.”

“असणार म्हणजे असणारच,” परिशिष्टरावांनीच उत्तर देऊन टाकलं. लेकीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि ती गेली. पाठमोरी गेली तेव्हा वहिनींनी नाक पुसलं आणि सर्दी झाल्याचं सांगितलं.

नव्या चपला चावत होत्या. त्या जरा काढून पाय धुऊन येते म्हणून वहिनी आत स्वच्छतागृहात गेल्या. आणि इथेच माशी शिंकली.

साडेअकराचं विमान जिथे जाणार होतं, त्याच्या शेजारच्या शहराला जाणारं पावणेअकराचं विमान रद्द झाल्याची घोषणा झाली. हॉलमध्ये एकच गलका उडाला. लोक चौकशीच्या खिडकीकडे धावले. खिडकीतला माणूस सगळ्यांना एकच वाक्य ऐकवत होता, “उद्या सकाळी या.” एक काठीवाल्या आजी तिथून परत आल्या आणि दमून परिशिष्टरावांशेजारी बसल्या. त्यांची नजर टायवरच्या विमानांवर गेली.

“साहेब, तुम्ही इथलेच ना? उद्या सकाळपर्यंत मी म्हातारीने काय करायचं हो?”

आता, एकतीस वर्षांत परिशिष्टरावांना त्यांच्या पुस्तिकेतलं काही कोणीही विचारलं नव्हतं. एकानेही नाही! विहीर खणून ठेवली आणि गाव नदीवर जातोय, असं त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी टाय सरळ केला.

“आजी, नियम नऊ,” ते म्हणाले. “रद्द झालेल्या विमानाच्या प्रवाशाला त्याच दिवशी कंपनीच्या दुसऱ्या विमानाने, जागा असल्यास, जवळच्या शहरापर्यंत न्यावे आणि तिथून पुढे कंपनीच्या गाडीने पोचवावे. प्रवाशाने मागितल्यास. न मागितल्यास सांगण्याची सक्ती नाही. तुम्ही मागा. त्या केसांत पेनवाल्या मुलीकडे जा, नियम नऊ म्हणा. ते साडेअकराचं विमान तुम्हाला चालतं.”

आजी गेल्या. पाच मिनिटांत हातात साडेअकराच्या विमानाचं कार्ड घेऊन आल्या आणि परिशिष्टरावांच्या डोक्यावर हात ठेवून, “माणूस आहे की सोनं!” असं सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

झालं. परिशिष्टरावांसमोर रांग लागली. जुळ्या मुलांची आई आली. तिला त्यांनी पोटनियम क सांगितला. सासऱ्यांना घेऊन निघालेला जावई आला, एक वकीलबाई आल्या, लग्न ठरवायला निघालेली सात माणसं आली. कोणाचंही काम अडलं नाही. मध्येच पेनवाली मुलगी काउंटर सोडून धावत आली. “काका, यांच्या सामानाचं काय करायचं?” तिलाही त्यांनी पान अडतीस सांगितलं. परिशिष्टरावांच्या चेहऱ्यावर असं तेज लग्नातल्या फोटोतसुद्धा नव्हतं. शेवटी एक वादक आला. त्याच्यासोबत चेलो होता, म्हणजे ते माणसाएवढं व्हायोलिन. “मला कार्ड मिळालं, पण हे सामानात टाका म्हणतात,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “मोडेल हो!”

“सामानात? मुळीच नाही!” परिशिष्टराव कडाडले. “बसलेल्या माणसाहून उंच वाद्याला स्वतंत्र सीट. तिला पट्टा. नियम तेवीस. जा, ठणकावून मागा.”

वादकाने ठणकावून मागितली आणि चेलोला सीट मिळाली.

आतल्या गर्दीत अडकलेल्या वहिनी अर्ध्या तासाने परतल्या तेव्हा रांग संपली होती आणि परिशिष्टराव कपाळावरचा घाम पुसत प्रसन्न बसले होते. “अगं, काय सांगू तुला, आज पुस्तिकेचं चीज झालं! एकवीस माणसं मार्गी लावली. एकवीस! आणि एक वाद्य.”

“कुठल्या विमानात लावली?” वहिनींनी विचारलं.

परिशिष्टराव बोटांवर मोजू लागले. एकवीस आणि एक बावीस, हा हिशेब पहिलीतल्या पोरालाही येतो. पण माणूस ज्ञान वाटायला बसला की बेरजा विसरतो. ते काउंटरकडे धावले. पेनवालीने स्क्रीनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

“काका, एकही नाही राहिली. शेवटची त्या व्हायोलिनला गेली. अहो, तुम्हीच तर पाठवत होतात!”

वहिनी ओरडतील, असं परिशिष्टरावांना वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पिशवीपाशी बसल्या आणि बोटाने पिशवीचा बंद गुंडाळत राहिल्या.

“लोका सांगे ब्रह्मज्ञान,” त्या म्हणाल्या, पण म्हण पुरी केली नाही. “पिल्लं गेली, आता व्हायोलिनही चाललं. पट्टा बांधून.”

“मी आत्ता जाऊन तिकीट...”

“कशावर काढता? जागा कुठाय?” मग त्या नवऱ्याकडे न बघता बोलल्या. “मला विमानात बसायची हौस नव्हती हो. मला तिच्या विमानात बसायचं होतं. ती यादी बघणार आहे. चौथीत होती तेव्हा तिला सांगितलं होतं, पुढच्या वेळी नक्की. सातवीत सांगितलं, पुढच्या वेळी. आज तिने विचारलं, तर तुम्हीच सांगून मोकळे झालात, असणार म्हणजे असणारच.”

परिशिष्टरावांना पहिल्यांदाच आपल्या कोटाची, टायची आणि खिशातल्या चौसष्ट पानांची लाज वाटली. आपण पायावर धोंडा पाडून घेतला असता तर चाललं असतं, हा तर बायकोच्या पायावर पाडलाय. एकदा नाही, चारदा. त्यांनी डब्याची पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

अकरा वाजता लोक विमानात चढू लागले. काठीवाल्या आजी हात हलवत गेल्या. जुळी गेली, सात माणसं गेली, चेलो गेला. प्रत्येक जण जाता जाता परिशिष्टरावांचे आभार मानत होता आणि प्रत्येक आभाराला वहिनी नवऱ्याकडे एकदा बघत होत्या.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पेनवाली मुलगी धावत आली. “काका! एक प्रवासी आलेच नाहीत. दातांचे डॉक्टर आहेत कुणीतरी. तीन वेळा पुकारलं. वेळ झाली, त्यांची जागा सुटली. एक जागा आहे!” आणि मग तिने यादी पाहिली. “पण आधी नाव तुमचं येतं. कर्मचारी आधी, कुटुंब नंतर.”

“नियम एकवीस, पोटनियम ड,” परिशिष्टराव म्हणाले. हात खिशात गेलेलाच होता. “कर्मचाऱ्याने लेखी दिल्यास जागा कुटुंबाला देता येते.” त्यांनी पुस्तिकेच्याच मागच्या पानावर चार ओळी खरडल्या, सही ठोकली आणि पान फाडून दिलं. एकतीस वर्षांत ती पुस्तिका त्यांनी कधी फाडली नव्हती.

“आणि तुम्ही?” वहिनींनी विचारलं.

“मी इथून बघतो. ऊठ! चपला घाल. पळ!”

वहिनींनी कार्ड हातात घेतलं. ते नीट बघायलाही कोणाला फुरसत नव्हती. दाराशी जाऊन त्या घाबरल्या. पुढचा तो बोळ, त्याच्या टोकाचं विमान, त्यांनी यातलं काहीच कधी पाहिलं नव्हतं. “मला सोडायला चल गं बाई,” असं म्हणून त्यांनी पेनवालीचा हात धरला. मग वळून ओरडल्या, “डबा तुमच्याकडेच राहिलाय. खाऊन घ्या, उपाशी राहू नका!” आणि दोघी बोळात दिसेनाशा झाल्या.

काउंटरपाशी आता परिशिष्टराव एकटेच उभे होते. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून तेरा मिनिटं झाली होती. गेट सव्वाअकराला बंद होणार. दोन मिनिटं, म्हणजे गंगेत घोडं न्हालंच म्हणायचं.

तेवढ्यात हॉलच्या दारातून एक गृहस्थ पळत आले. टक्कल, जाड चष्मा, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. ते थेट काउंटरपाशी आले, त्यांनी टायवरची विमानं पाहिली आणि हात जोडले.

“साहेब, माफ करा हं, माझीच चूक. टॅक्सीचं चाक बसलं, शेवटचा मैलभर पळत आलो. मी दातांचा डॉक्टर, साडेअकराच्या विमानाला आहे. गेट बंद झालं का हो?”

आरडाओरडा केला असता, ‘तुम्हाला माहीत आहे का मी कोण आहे’ असं म्हणाले असते, तर सोपं गेलं असतं. पण हा माणूस भला होता. आणि नियम पाठ होता. तोही परिशिष्टरावांनीच लिहिलेला, शब्दन् शब्द. सुटलेल्या जागेचा मूळ प्रवासी गेट बंद होण्यापूर्वी हजर झाल्यास पासधारकास विमानातून उतरवावे. ‘विनम्रपणे उतरवावे’, असं त्यांनी नंतरच्या आवृत्तीत सुधारलंही होतं.

विनम्रपणे! वहिनी आत्ता बसल्या असतील. पट्टा कसा लावायचा ते कोणाला तरी विचारत असतील. आणि लेकीच्या हातात यादी गेली असेल, तिने शेवटचं नाव वाचलं असेल. आता कोणी तरी जाणार आणि विनम्रपणे त्यांना म्हणणार, बाई, उठा.

नियम घशातून वर आला, दातांपर्यंत आला. सवयच तशी होती. परिशिष्टरावांनी दात घट्ट आवळले, नियम गिळला आणि म्हणाले,

“मला माहीत नाही.”

हे तीन शब्द जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून निघत होते. ते कसे म्हणायचे याचा सराव नव्हता, म्हणून जरा जोरातच निघाले. डॉक्टर बावरले.

“मग कोणाला विचारू?”

“चौकशीच्या खिडकीवर विचारा,” परिशिष्टराव म्हणाले आणि त्यांनी हॉलच्या त्या टोकाला बोट दाखवलं. खिडकीसमोर पंधरा माणसांची रांग होती, ती त्यांना इथून स्वच्छ दिसत होती.

“फार आभारी आहे,” असं म्हणून डॉक्टर बिचारे धावत गेले.

सव्वाअकराला पेनवाली परत आली. तिने दार लावलं, साखळी अडकवली आणि म्हणाली, “बसवलं काकूंना. हात सोडत नव्हत्या माझा.” परिशिष्टरावांनी तिचे आभार मानले. ते काचेपाशी जाऊन उभे राहिले. विमान मागे सरकलं, वळलं, लांब जाऊन थांबलं आणि मग धावत येऊन उचललं गेलं. मोठ्या माणसाने रडू नये असा काही नियम अठ्ठावीस नियमांत नव्हता, म्हणून ते थोडे रडले. पोर चालवतेय आणि तिची आई आत बसलीय. मला काय हवं होतं आणखी, असं ते मोठ्याने काचेला म्हणाले.

पण मागे वळले, तर डॉक्टर निळ्या खुर्चीत डोकं धरून बसलेले. आनंदाला असं गालबोट लागलं की तो घशाखाली उतरेना. परिशिष्टराव त्यांच्याजवळ गेले आणि झपाटल्यासारखे कामाला लागले. अडीचच्या विमानात डॉक्टरांना जागा मिळवून दिली. उशीर झालेल्याला जेवणाचं कूपन देत नाहीत, पण परिशिष्ट पाचच्या तळटीपेत बसवून तेही मिळवलं. डॉक्टरांच्या मित्रांना उशिरा न्यायला या असं फोन करून कळवलं. वर डबा उघडून अर्धा त्यांच्यापुढे ठेवला.

डॉक्टर भारावून गेले. “अहो, कोण कुठला मी, आणि तुम्ही केवढं करताय! देवमाणूस आहात तुम्ही. हल्ली अशी माणसं मिळत नाहीत.”

परिशिष्टरावांनी हातातला घास परत डब्यात ठेवला. देवमाणूस! त्यांनी डबा बंद केला.

“डॉक्टर, गेट उघडं होतं.”

“काय?”

“तुम्ही आलात तेव्हा. दोन मिनिटं बाकी होती. मला माहीत होतं. मला सगळं माहीत असतं, तोच माझा रोग आहे. मी सांगितलं असतं, तर तुम्ही गेला असतात आणि तुमच्या जागेवर बसलेल्या माझ्या बायकोला उतरवलं असतं. पोरीचं पहिलं विमान होतं. तीनदा परत गेलीय हो ती याच हॉलमधून. म्हणून तुम्हाला मुद्दाम त्या रांगेत धाडलं.”

डॉक्टर उभे राहिले. चांगले लालबुंद झाले. “मी मैलभर पळत आलो! छाती फुटायची वेळ आली होती माझी. तुम्हाला काही वाटलं नाही? आणि वर डबा काय खायला घालताय! मी तक्रार करणार.”

“करायलाच पाहिजे,” परिशिष्टराव म्हणाले आणि त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून तक्रारीचा छापील अर्ज काढला. त्यांच्याकडे तो नेहमी असायचा. “रागात माणूस रकाने चुकतो. तुम्ही सांगा, मी लिहितो.”

डॉक्टरांना हसावं की मारावं कळेना. ते खाली बसले आणि सांगू लागले, आणि परिशिष्टराव सुवाच्य अक्षरात स्वतःविरुद्ध लिहू लागले. तक्रार कोणाविरुद्ध, तिथे त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव घातलं. घटनेची वेळ, अकरा वाजून तेरा मिनिटं. तक्रारीचं स्वरूप, प्रवाशास जाणूनबुजून चुकीची माहिती दिली. ‘चुकीची माहिती दिली’ खोडून त्यांनी ‘माहिती असून दिली नाही’ असं केलं, कारण ते जास्त अचूक होतं.

“सीट क्रमांक?”

“सात अ.”

परिशिष्टरावांनी सात लिहिला आणि पेन थांबलं. त्या विमानातल्या सगळ्या जागांचा नकाशा त्यांच्या डोळ्यांपुढे होता. पान बावन्न.

“सात अ? नक्की?”

“नक्की म्हणजे? महिनाभर आधी मागून घेतली होती. खिडकीची, आणि पंखाच्या पुढची, खालचं सगळं दिसतं म्हणून. का?”

म्हणजे वहिनी आत्ता खिडकीशी होत्या, खालचं सगळं बघत. परिशिष्टरावांना पुढचा रकाना दिसेना. त्यांनी चष्मा काढला, टायने पुसला, परत घातला, तरी दिसेना. मग अर्ज आणि पेन त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिलं.

“पुढचं तुम्हीच लिहा,” ते म्हणाले. “आणि चांगलं कडक लिहा.”